मॉरिशसला सेट नेताय? आधी आगरात तार बांधून बघा

मंडळी, गेल्या जूनमधे मॉरिशसला जाऊन आठ दिवस हॅम रेडिओ (छंद म्हणून लायसन्स काढून स्वतःच्या सेटवरून, ना टॉवर ना इंटरनेट, लांबच्या लोकांशी बोलणं) चालवून आलो आणि आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, सेट विमानात नेलास कसा. खरं सांगू का, सेट नेणं हा यातला सगळ्यात सोपा भाग होता, घाम काढला तो कागदांनी आणि तारेनं, म्हंजे अँटेनानं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी गुहागरचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, नंतर आमच्या उत्तरेला कित्येक गावांत ना लाईट ना फोन, मावशी दापोलीकडे, तिची काही खबरच लागेना. तेव्हा डोक्यात बसलं की हॅमची परीक्षा द्यायची. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स काढलं, त्याला मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) लागत नाही, कॉलसाईन (हवेवरचं आपलं नाव, थोडक्यात कॉल) व्हीयू३ नं सुरू होते आणि एचएफवर, म्हंजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर, ५० वॉटची मर्यादा. बाहेर चालवायला तेवढे भरपूर होतात, मी तर २० वॉटच्या सेटवर गेलो.

आता कागद. आपलं लायसन्स आपल्या देशापुरतं, हे आधी डोक्यात घट्ट बसवा. युरोपातले हॅम एकमेकांच्या देशात सीईपीटी या युरोपीय देशांच्या संघटनेच्या सोयीवर अर्जाशिवाय बोलतात, ते ऐकून आपल्यालाही चालेल असं वाटतं, पण भारत त्यात नाही. म्हंजे ज्या देशात जायचं तिथल्या खात्याची परवानगी आधी काढायची, मॉरिशसला आयसीटीए नावाची संस्था हे बघते. पासपोर्टची कॉपी, आपलं लायसन्स, सेटचं मॉडेल आणि सिरियल नंबर, किती वॉट, कुठे राहणार, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं एका पीडीएफमधे करून ठेवा, जवळजवळ कुठल्याही देशाला हेच लागतं. तिकीट काढायच्या निदान तीन महिने आधी अर्ज टाका, सरकारी खातं ते सरकारी खातं, समुद्र ओलांडला म्हणून वेग वाढत नाही. परवानगीत कॉल कसा म्हणायचा, किती पॉवर, कुठले बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) ते लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. बहुतेक वेळा त्यांचा प्रीफिक्स (देशाची सुरुवातीची अक्षरं), मग तिरपी रेघ, मग आपला कॉल असं असतं. मॉरिशसचा प्रीफिक्स ३बी८, श्रीलंकेचा ४एस७, मालदीवचा ८क्यू७. आणि कागद हातात नसताना "कोण बघतंय" म्हणून सेट लावू नका, परक्या देशात तार बांधून बसलेला माणूस पोलिसांना कसा दिसतो याचा विचार करा.

एक कागद सगळे विसरतात. मुंबईहून निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, त्यात सेटचा सिरियल नंबर येतो, नायतर परत येताना आपलाच जुना सेट आपण बाहेरून विकत आणला नाही हे सिद्ध करत बसा. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा, सेट चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या आधी हे करायचं.

आता तालीम. ही मी मार्चमधे आमच्याच आगरात, म्हंजे माडांच्या बागेत केली, घर लायसन्सवरच्या पत्त्यावर आणि पलीकडे पुळण, याहून चांगली जागा कुठली. मे महिन्यासाठी थांबू नका, वळवाच्या विजा सुरू झाल्या की ४० मीटरच्या बँडवर (बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून, हा ७ मेगाहर्ट्झचा) नुसती कडकड ऐकू येते. पहिली अँटेना म्हंजे २० मीटर लांब तार, टोकाला तार आणि केबल जुळवणारा ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, ही ४०, २०, १५ आणि १० मीटरच्या बँडवर चालते. अर्ध्या वेव्हचा, म्हंजे लहरीच्या निम्म्या लांबीचा, हिशोब सोपा, १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हंजे ७.१ ला साधारण २०.१ मीटर. इन्सुलेशनवाली तार असेल तर थोडी कमी लागते, पण कापायची घाई करू नका, टोक उलटं दुमडून पिळा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली त्याचा आकडा, एकाच्या जवळ असलेला चांगला) बघत बघत सरकवा.

तार माडावर चढवायला मी आधी सुंभ वापरला, घरात पडलेला होता. रात्री दव पडलं, सुंभ भिजून जड झाला आणि तार सकाळी झावळीला टेकलेली, एसडब्ल्यूआर चारच्या वर. त्यानंतर नायलॉनची बारीक दोरी. ट्रान्सफॉर्मरच्या डबीत चार दिवसांत मुंग्यांनी घर केलं, तिथे सिलिकॉन भरलं. कनेक्टरला साधी टेप गुंडाळली होती, खाऱ्या वाऱ्यानं आठवड्यात हिरवा थर आला, मग रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप आणली. हे सगळं घरी बिघडलं म्हणून तिकडे बिघडलं नाही. हत्यारं घरात, आई चहा देतेय, अशा ठिकाणी बिघडलेलं बरं.

दुसरी अँटेना उभी. सात मीटरचा फायबरचा पोल, गळाच्या काठीसारखा एकात एक जाणारा, त्याला ५ मीटर तार सरळ वर आणि खाली दोन रेडिअल (जमिनीलगत पसरायच्या तारा) पाच-पाच मीटरच्या, झाली २० मीटर बँडची क्वार्टर वेव्ह, म्हंजे पाव लहरीची अँटेना. ही समुद्राच्या कडेलाच लावायची. खारं पाणी साध्या मातीपेक्षा हजारेक पटीनं जास्त वीज वाहून नेतं, त्यामुळे क्षितिजालगत जाणारा सिग्नल पाण्यावर दमदार निघतो आणि लांब पोचतो. आगरातली तार आणि पुळणीकडच्या कडेची ही काठी आलटून पालटून लावली, तर युरोपवाले आगरातल्या तारेवर जेमतेम ऐकू येत होते ते काठीवर स्वच्छ. जांभ्यावर मात्र तोंडावर पडाल, खुंटी ठोकता येत नाही आणि कातळ कोरडा.

आमच्याकडे लाईट गेली की मी खूश होतो, अख्ख्या वाडीचे एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर बंद आणि बँड एकदम शांत. यातून धडा असा की हॉटेलच्या सॉकेटवर अवलंबून राहू नका, तिथला एसी आणि दिवे एस-७ चा (सेटच्या मीटरवर चांगलाच जोराचा) खरखराट देतात. बॅटरी घ्या. पण सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमधे अजिबात चालत नाही, केबिन बॅगेतच, आणि १०० वॉट-अवरपर्यंत बिनधास्त, १०० ते १६० ला एअरलाईनची आधी परवानगी. १२.८ व्होल्टची ६ एएच म्हंजे ७७ वॉट-अवर, ही घ्या. १२ एएच घेतलीत तर १५४, म्हंजे परवानगी आलीच. वॉट-अवर बॅटरीवर छापलेले हवेत, टोकांना टेप लावा. तारेचं भेंडोळं पारदर्शक पिशवीत अगदी वर ठेवा, एक्स-रेमधे तार आणि बॅटरी एकत्र दिसली की बॅग उघडावीच लागते, तेव्हा लायसन्सची कॉपी पुढे करायची आणि शांतपणे सांगायचं. तिकडचे प्लग बरेचसे ब्रिटिश चौकोनी पिनांचे, अॅडॅप्टर न्या.

राहायची जागा नकाशावर होकायंत्र ठेवून निवडा, हे फार कमी लोक करतात. मॉरिशसहून आपलं कोकण साधारण साडेचार हजार किलोमीटर, दिशा उत्तरेकडून जरा पूर्वेला, आणि युरोप वायव्येला. म्हंजे उत्तर किनारा, ग्रां बेच्या आसपास, जिथे या दोन्ही दिशांना समोर पाणीच आहे. शिवाय जूनमधे तिकडे हिवाळा आणि आग्नेयेचे वारे जोरात, उत्तरेला त्यातल्या त्यात आडोसा मिळतो, पोल उभा राहतो. भरती-ओहोटीचा फरक आपल्या मानानं फारच कमी, आपल्याकडे उधाणाला अर्धी पुळण पाण्याखाली जाते, तिकडे ती भीती नाही. पण पोल लावायच्या आधी घरमालकाला दाखवा आणि विचारा, पोरं धावतात तिथे तारेला रंगीत चिंध्या बांधा.

पहिल्या दिवशी बोलायच्या आधी नुसतं ऐका. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातले १८ बीकन (आपोआप खुणेचा सिग्नल सोडणारी स्टेशनं) एकामागोमाग दहा-दहा सेकंद वाजतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण, श्रीलंकेचा ४एस७बी आला की समजा आपल्याकडचा रस्ता उघडलाय. मोर्स येत नसेल तर घड्याळ बघून कुठला बीकन ते ओळखता येतं. लॉग (कोणाशी कधी बोललो त्याची नोंदवही) यूटीसीमधेच, म्हंजे जगाच्या प्रमाण वेळेतच ठेवा, मॉरिशस यूटीसी अधिक चार, आपण अधिक साडेपाच, दोन घड्याळं डोक्यात ठेवलीत की घोळ झालाच.

आणि घरी बसून सीक्यू ("कोणी आहे का" ही हाक) मारताना कोणी विचारत नाही, तिकडून मारला की अंगावर येतात. पहिल्या संध्याकाळी वीस-पंचवीस स्टेशनं एकदम, मला एकही कॉल पूर्ण कळेना, एसटी स्टँडवर गाडी लागल्यासारखं. अशा वेळी स्प्लिट करा, आपण एका फ्रिक्वेन्सीवर बोलायचं आणि "फाईव्ह अप" सांगून पाच किलोहर्ट्झ वर ऐकायचं. अर्धा कॉल कळला तर तोच अर्धा कॉल पुकारा, तो माणूस पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणाला घेऊ नका, नायतर शिस्त मोडते. बारा ते दोन मात्र सेट बंद, बायको सोबत असेल तर हा नियम लिहूनच ठेवा.

शेजारच्या घरात एक मराठी आजोबा होते, त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेलेले. मोडकं मराठी, मधेच क्रिओल, गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते हे मला चार वेळा सांगितलं. सेट बघून म्हणाले, गावाला माझा निरोप सांग. इथे जीभ आवरावी लागली, कारण तिसऱ्या माणसाचे निरोप हॅमवरून पाठवायला दोन्ही देशांची मुभा लागते, माईक त्यांच्या हातात देणं तर लांबच. कानाला हेडफोन लावून रत्नागिरीकडच्या एका स्टेशनचा आवाज ऐकवला, नुसतं ऐकण्यात निरोप पाठवणं येत नाही. दहा मिनिटं हलले नाहीत.

परत आल्यावर लॉगची एडीआयएफ (हॅम लॉगचा ठरलेला साचा) फाईल दोन ठिकाणी ठेवा. एलओटीडब्ल्यूला (बोलणं झाल्याची खातरजमा करणारी ऑनलाईन सोय) चढवायची तर तिकडच्या कॉलचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, त्यात तारखा परवानगीपत्रातल्याच टाका. आणि तार, पोल, कनेक्टर गोड्या पाण्यानं धुऊन पडवीत वाळत घाला, पोल एकेक भाग सुटा करून, माझा एक सांधा मिठानं असा धरलाय की अजून सुटला नाहीये.