सफारीचं तिकीट काढलंत? पिवळ्या कार्डाच्या या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई माराला जायची टूम आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. नदी ओलांडणाऱ्या प्राण्यांचे व्हिडिओ ग्रुपवर फिरतात, बुकिंग होतं, आणि जायला आठवडा उरला की कुणीतरी विचारतं, ‘अरे, ती यलो फीवरची लस घ्यावीच लागते का?’

पहिली चूक म्हणजे याचं उत्तर केनियाच्या नियमांत शोधणं. भारतातून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनिया पिवळं कार्ड, म्हणजे यलो फीवरची (पीतज्वराची) लस घेतल्याचा दाखला, मागत नाही. प्रवेश-परवानगीचे कागद बघून लोक निर्धास्त होतात ते इथेच. कार्ड मागतो भारत, तुम्ही परत येता तेव्हा. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र कुंडीखालच्या ताटलीतसुद्धा सापडतो. डेंग्यूवाला तोच. कुणाच्या अंगातून विषाणू आला, तर त्याला इथे डासांची फौज तयारच आहे. म्हणून विमानतळावर कार्ड बघतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हे दिवस मोजायचे ते पीतज्वराचा धोका असलेला देश सोडल्यापासून. केनियातून पुढे सेरेंगेटीला जाणार असाल, तर सीमेवर टांझानियाही कार्ड मागतो.

दुसरी चूक तारखेची. टोचून घेतलं की कार्ड चालू झालं असं नाही, ते दहा दिवसांनी वैध होतं. शिवाय ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच, बहुतेक ठिकाणी ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवून मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि एकदा कालवली की ती काही तासांत संपवावी लागते. आम्ही गेलो तेव्हा सिस्टर दारात उभ्या राहून डोकी मोजत होत्या, पुरेशी माणसं जमल्यावरच कुपी फुटली. तेव्हा किमान महिनाभर आधी नंबर लावा.

त्या दिवशी सोबत सासरे होते, वय 67. त्यांनी फाइल पुढे केली : ‘माझी काविळीची लस झालेली आहे.’ ती हेपॅटायटिस बीची होती. डॉक्टर हसल्या नाहीत, म्हणजे हे त्यांना रोजचंच असणार. नाव पीतज्वर, म्हणून आपल्याकडे हा घोळ होतोच. कावीळ म्हणजे हा आजार नव्हे, आणि हेपॅटायटिसच्या लशीचा इथे काही उपयोग नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? ‘बीपीची. बाकी काही नाही.’ मला दर गुरुवारची सांध्याची गोळी आठवली. मेथोट्रेक्सेट. मी बोललो, सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. पण लस राहिली ती राहिलीच. पीतज्वराच्या लशीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर तोच उलटू शकतो. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचं प्रमाण फार थोडं असलं तरी तरुणांपेक्षा जास्त आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, अंगावर पाजणं, थायमस ग्रंथीचा आजार, हे सगळं तिथे सांगायचंच. कार्ड मिळावं म्हणून गोळी लपवणं ही माझ्या मते या यादीतली सगळ्यात वाईट चूक. एजंटकडून न टोचता शिक्का मारून आणणं तिच्याच पंक्तीतलं.

वैद्यकीय कारणाने सूट मिळाल्याचं पत्र घेता येतं, पण परतल्यावर सहा दिवस अडकण्याची टांगती तलवार राहतेच. आम्ही सरळ बेत बदलला. दक्षिण आफ्रिका पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, म्हणून तिथलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान. मात्र विमान दुबईवरून घेतलं. अदिस अबाबावरून स्वस्त पडत होतं, पण इथिओपिया यादीत आहे. तिथे विमानतळाच्या आतच थांबलात तर भारताची अडचण नसते. जोडविमान चुकून विमान कंपनीने रात्री शहरातल्या हॉटेलात नेलं, की तुम्ही त्या देशात शिरलात. युरोप-अमेरिकेला त्या मार्गाने जाणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

कार्ड हातात पडलं की खिडकीवरच तपासा : पासपोर्टवरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, सही, शिक्का. पासपोर्ट नवा काढला असेल तर जुनाही सोबत ठेवा किंवा केंद्रात जाऊन विचारा. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली दिसली तरी पुन्हा टोचून घेऊ नका; जुलै 2016पासून ते आजन्म ग्राह्य आहे.

बाकीच्या प्रवाशांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांनी एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लशीच्या) दोन डोसांचा पुरावा आत्ताच शोधावा. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर दोन डोसांमध्ये 28 दिवसांचं अंतर लागतं. एमएमआरही जिवंत लस, त्यामुळे ती पीतज्वराच्या लशीला लागून घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून अंतर ठरवा. हजला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची) लस किमान दहा दिवस आधी.

आणि मलेरिया या सगळ्यात बसत नाही. क्रुगरला लस लागली नाही, पण मलेरियाच्या गोळ्या लागल्या, त्याही परत आल्यावर काही दिवस चालू. सासऱ्यांनी या वेळी सगळ्या गोळ्यांची यादी स्वतःच लिहून डॉक्टरांना दिली, गुरुवारची सगळ्यात वर.