जुने संकेतस्थळ नव्याने बांधताना

वैयक्तिक संकेतस्थळ नव्याने बांधायचे ठरले की बहुतेक जण आधी साधन निवडतात आणि मग जुना मजकूर त्यात कसा बसेल ते पाहतात. हा क्रम उलटा करावा. प्रथम जुन्या स्थळाच्या सर्व फाइली, चित्रे आणि डेटाबेस असल्यास तोही आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा. मग एका तक्त्यात प्रत्येक पानाचा पत्ता लिहून ते ठेवायचे, सुधारायचे की काढायचे, याची नोंद करावी. हे काम कंटाळवाणे असले तरी पुढचे सगळे निर्णय याच तक्त्यावरून होतात.

आता साधन. पाच-सहाच पाने असतील आणि ती क्वचित बदलत असतील, तर हाताने लिहिलेले एचटीएमएल आणि सीएसएस (पानाची रचना आणि रूप ठरवणाऱ्या भाषा) पुरेसे आहे. ब्राउझरमधूनच वारंवार लिहायचे असेल, तर २००३ पासून चालत आलेले वर्डप्रेस सोयीचे. मात्र त्याला पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा आणि डेटाबेस लागतो, शिवाय मूळ प्रणाली, थीम (स्थळाचे रूप) आणि प्लगइन (जोड-सुविधा) वेळच्या वेळी अद्ययावत केले नाहीत तर स्थळात घुसखोरी होण्याचा धोका राहतो. ह्यूगो, जेकिल किंवा इलेव्हेंटी ही साधने मार्कडाउन या सोप्या खुणांच्या लेखनपद्धतीतल्या साध्या फाइलींपासून पाने आधीच तयार करून ठेवतात, त्यामुळे स्थळ वेगाने उघडते आणि देखभाल कमी लागते. पण कमांड लाइनची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याची, सवय करावी लागते आणि संपर्क-फॉर्मसाठी वेगळी सोय पाहावी लागते. माझ्या मते निवडीची खरी कसोटी एकच: उद्या हे साधन सोडायचे झाले, तर मजकूर सुटसुटीत रूपात बाहेर काढता येईल का? ३१ डिसेंबर २०२० नंतर अडोबीने ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला, तेव्हा केवळ फ्लॅशवर उभी असलेली स्थळे ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली.

सर्वाधिक हेळसांड होते ती जुन्या पत्त्यांची. इतरांनी दिलेले दुवे आणि वाचकांनी जपलेल्या खुणा (बुकमार्क) त्या पत्त्यांवरच अवलंबून असतात, म्हणून शक्य तेथे पत्ता तोच ठेवावा. बदलावाच लागला, तर ३०१ क्रमांकाचे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन लावून जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला त्याच विषयाच्या नव्या पानावर पोहोचवावे. सर्वांना सरसकट मुखपृष्ठावर पाठवू नये. वाचक जे शोधत आला होता, ते त्याला तेथे सापडत नाही.

नवे स्थळ आधी तात्पुरत्या पत्त्यावर उभारून मोबाइलवर तपासावे. शोधयंत्रांनी ते नोंदवू नये म्हणून लावलेली ‘नोइंडेक्स’ सूचना स्थळ खुले करताना न विसरता काढावी. एचटीटीपीएससाठी, म्हणजे वाचक आणि स्थळ यांच्यातील सुरक्षित जोडणीसाठी, लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. सर्व्हर बदलत असल्यास एक-दोन दिवस आधी डीएनएस नोंदीचा (स्थळाचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठवून ठेवण्याचा कालावधी, ३०० सेकंदांवर आणावा, म्हणजे बदल लवकर पसरतो. त्यानंतर काही आठवडे सर्व्हरच्या नोंदींत ४०४ (पान सापडले नाही) त्रुटी पाहत राहाव्यात, निसटलेल्या पानांना पुनर्निर्देशन लावावे आणि तोवर जुने होस्टिंग बंद करू नये.