जीव घाबरा होतो की जीव रमत नाही? ओळखायचं कसं, जायचं कुठे

बार्शीत आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. आता काउंटरला बहुतेक वेळ मीच असते. मनाच्या आजाराचं नाव काढत आमच्याकडे सहसा कुणी येत नाही. गॅसची गोळी मागतात, ताकदीची बाटली मागतात, बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनचं विचारतात. आणि रात्री गर्दी ओसरली की हळू आवाजात, "ताई, डोळ्याला डोळा लागंना झालाय. झोपेची एखादी गोळी असंल तर बघा की."

चिंतेचा आजार आणि नैराश्य यांबद्दल त्यांना मी जे सांगते ते इथं लिहितेय. मी फार्मासिस्ट आहे, निदान करणं माझं काम नाही. घरच्यांनीही त्या भानगडीत पडू नये. आपल्याला फक्त दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: हे नेहमीचं टेन्शन राहिलेलं नाही हे वेळेत ओळखणं, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमकं सांगता येणं. दुसरी गोष्ट लोकांना पहिलीपेक्षा अवघड जाते.

दोन गिऱ्हाइकं

ओळख पटू नये म्हणून थोडा फेरफार करून सांगते.

मार्केट यार्डात अडतीवर बसणारे एक अण्णा. बीपीचं मशीन आमच्याकडूनच नेलं आणि दिवसातून चार-पाचदा पट्टा बांधायला लागले. पिशवीत ईसीजीचे कागद, सगळे नॉर्मल. छातीत धडधड, तळहाताला घाम, मान आखडलेली, सारखं लघवीला जावंसं वाटणं, पोटात गोळा. रात्री अंथरुणावर पडलं की डोकं सुरू. पुण्यातल्या पोरानं फोन उचलला नाही की अपघातच झाला असणार. पोराचा फोन आला की चेहरा उजळतो, चहा मागवतात, आणि पेला खाली ठेवायच्या आत ट्रक कुठं अडकला याची काळजी हजर.

दुसऱ्या एक मावशी. वर्षानुवर्षं माझ्याशी एकेका रुपयावरून भांडणाऱ्या. "मागल्या खेपंला बासष्टला दिली हुतीस," हे त्यांना तोंडपाठ असायचं. एक दिवस पाचशेची नोट ठेवली, गोळ्या उचलल्या आणि सुटे न घेताच पायरी उतरल्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "राहू दे." घोळ झाला होता असं नाही, त्यांना त्या पैशांचं काही वाटलंच नाही. सून म्हणाली, आत्या रात्री नऊला झोपतात, पण पहाटे तीनला टक्क जाग्या. सकाळी तोंड धुवायलाही उठवत नाही. दुपार कलली की जरा बऱ्या. नातवाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढा हातात तसाच धरून बसल्या होत्या.

अण्णांची तऱ्हा चिंतेच्या आजाराची, मावशींची नैराश्याची. चिंतेत मन पुढच्या संकटाकडे धावत असतं आणि शरीर त्याच्यासोबत पळतं. नैराश्यात कशातच राम वाटत नाही. जेवण, देवपूजा, मालिका, भांडण, सगळं बेचव होतं. हालचाल मंदावते, भूक जाते किंवा उलट वाढते, जुन्या गोष्टी उकरून "माझंच चुकलं, मी घराला भार झालोय" असं चालू होतं. रडू येईलच असं नाही. पुष्कळांना तर रडूही येत नाही, आणि तीच त्यांची तक्रार असते.

घरात अंदाज घ्यायचा असेल तर एक बघा: चांगली बातमी आल्यावर काय होतं? चिंतेतल्या माणसाला घटकाभर तरी सुटका वाटते. नैराश्य खोल असेल तर चांगली बातमीही आत पोचत नाही. हा माझा काउंटरवरचा ठोकताळा आहे, त्याला तपासणीची जागा देऊ नका. झोपेचंही तसंच. चिंतेत बहुधा झोप लागायलाच वेळ लागतो. नैराश्यात लागते, पण पहाटेच मोडते. काहीजण मात्र नैराश्यात दिवसभर झोपूनच असतात.

मुदतीचा हिशोब डॉक्टर साधारण असा धरतात. उदासी किंवा कशातच रस नसणं यातलं एक तरी, सोबत झोप-भूक-थकवा वगैरे इतर लक्षणं, दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, २ आठवडे: नैराश्याचा विचार करायचा. ऊठसूट सगळ्याचीच काळजी, आवरता न येणारी, ६ महिने: तो सततच्या चिंतेचा आजार. पण म्हणून ६ महिने वाट बघत बसू नका. कामधंदा, खाणं, नातीगोती बिघडायला लागली की जायचं.

दोन्ही एकदम असणारी माणसं भरपूर आहेत, त्यामुळे "नक्की कोणतं?" यावर घरात खल करत बसायचं कारण नाही. पुष्कळदा औषधंही एकाच गटातली असतात.

जिथं हमखास चुकतं

पुरुषांचं नैराश्य बऱ्याचदा चिडचिड आणि बाटली या वेशात येतं. बायको म्हणते तापट झालाय, मित्र म्हणतात प्यायला लागलाय. दारूनं त्या रात्रीपुरती झोप लागते आणि आजार वाढतो. पण रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. थरथर, भास, फिट असं काहीही होऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत रडू येतं, ते आपोआप ओसरतं. २ आठवड्यांनंतरही चालू राहिलं, बाळाकडे बघवेना किंवा बाळाला काही होईल या धास्तीनं झोपच येईना, तर "बाळंतवात आहे" म्हणून झाकू नका.

म्हातारी माणसं विसरायला लागली की सगळे स्मृतिभ्रंश म्हणून मोकळे होतात. कधीकधी मागे नैराश्य असतं आणि ते बरं होतं.

आणि अचानक येणारा झटका: छाती दडपते, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या, आता मरतोच असं वाटतं. पॅनिकचा झटका साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. तरीही पहिल्यांदा असं झालं, विशेषतः चाळिशीच्या पुढं किंवा साखर-बीपी असेल, तर आधी दवाखाना आणि ईसीजी. "गॅस असंल" म्हणत सोडा पिऊन पडून राहणाऱ्यांची मला फार भीती वाटते.

जाण्याआधी वहीचं एक पान

आठवडाभर रोज चार ओळी लिहा: किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली; काय खाल्लं; कोणतं काम टाळलं; शरीरात काय झालं आणि तेव्हा मनात काय होतं. "बरं वाटत नाही" एवढ्यावर डॉक्टर काय करणार? "तीन आठवडे झाले, पहाटे तीनला जागी होते, पोळ्या करवत नाहीत, दोनदा वाटलं की नसलेलं बरं," हे कामाचं आहे.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आयुर्वेदिक आणि "एका ओळखीच्यानं दिलेली" धरून. दम्याची सालब्युटामॉल घेतली की धडधडतं. स्टेरॉइडनं मन वर-खाली होतं. काहींचा निम्मा त्रास दिवसाच्या आठ कप चहातून येतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर यांची तपासणी डॉक्टर बहुधा सांगतातच. थायरॉइड मंदावलं तर माणूस उदास-सुस्त दिसतो, वाढलं तर घाबरा.

एक गोष्ट आपणहून सांगायची: कधी असे दिवस आले होते का, की न झोपताही प्रचंड उत्साह, बोलणं थांबेना, पैसे उधळले, मोठमोठे बेत केले? असं झालं असेल तर आजार वेगळा असू शकतो, आणि नैराश्याची नुसती गोळी तो भडकवू शकते. उदास माणूस हे स्वतः होऊन सांगत नाही, घरच्यांनी सांगावं.

पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ नावाच्या दोन प्रश्नावल्या मराठीतही मिळतात. पहिलीत ९ प्रश्न, नैराश्यासाठी. दुसरीत ७, चिंतेसाठी. मागच्या २ आठवड्यांत किती वेळा, याला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायचंच. पीएचक्यूचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथं शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज बघत बसू नका, लगेच जा. ही चाळणी आहे, निकाल नव्हे.

कुठं जायचं

पहिला फोन कुणाला हेच सुचत नसेल तर १४४१६. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

घरच्या डॉक्टरांवर विश्वास असेल तर तिथून सुरुवात करा. साधं नैराश्य-चिंता तेही हाताळतात किंवा चिठ्ठी देतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, गोळ्या लिहीत नाहीत. दोन्ही लागू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची (आरसीआय) नोंदणी आहे का, हे खुशाल विचारा. चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारे वाढलेत.

खासगी परवडत नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. आमच्या इकडची माणसं सोलापूरच्या सिव्हिलला जातात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. येरवड्याचं नाव काढलं की लोक हसतात, पण तिथंही बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून संध्याकाळी घरी येतात माणसं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था.

देवाला, दर्ग्याला, अंगाऱ्याला जायचंय? जा. भगवंताच्या देवळात जाऊन ज्यांना बरं वाटतं त्यांना मी कशाला अडवू? फक्त गोळी चुकवू नका, आणि कुणी साखळीनं बांधा, उपाशी ठेवा म्हणालं तर उठून निघा.

गोळ्यांबद्दल, माझ्या बाजूनं

हा माझा विषय, म्हणून जरा लांबवते.

नैराश्य आणि चिंता दोन्हींसाठी डॉक्टर बऱ्याचदा एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन अशा गोळ्या लिहितात. या पहिल्या दिवशी काही करत नाहीत. पहिल्या आठवड्यात उलट मळमळ, जुलाब, थोडी जास्तच घालमेल होते. गुण यायला २ ते ४ आठवडे, पूर्ण उतार पडायला त्याहून जास्त. नेमकं याच टप्प्यावर पाकीट परत करायला येतात, "ही लागू पडंना." डॉक्टरांना फोन करा, डोस कमी-जास्त होतो, जेवणानंतर घ्यायला सांगतात. पण घालमेल फार वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, विशेषतः तरुण पोरांत, तर त्याच दिवशी दाखवा. बरं वाटल्यावरही साधारण ६ ते ९ महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. या गोळ्यांची नशा होत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, अंगात करंट मारल्यासारखं होतं.

झोपेची म्हणून जी मागतात ती अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं, म्हणून ती आवडते आणि म्हणूनच सवय लागते. डॉक्टर सुरुवातीचे थोडे दिवस देतात, ते ठीक. शेजारणीच्या पाकिटातून घेऊ नका. महिनोन्‌महिने घेतली असेल तर मनानं एकदम सोडूही नका, फिट येऊ शकते. अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. आम्हाला वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती ३ वर्षं ठेवावी लागते. मी नाही म्हणते तेव्हा "ओळख असून देत नाही" असा राग धरू नये.

बोलून आणि हलून

गोव्यात संगाथ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी बोलण्याचे उपचार दिले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांना या भेटींची जोड मिळालेल्यांत जास्त जण बरे झाले. गाभा साधा: मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी हालचाल, मन मागून येतं. मावशींच्या सुनेला मी तेच सांगितलं होतं. रोज सकाळी एकच काम, ठरलेल्या वेळी, तुळशीला पाणी एवढंच. झालं की कॅलेंडरवर टिक.

चिंतेत उलट खोड मोडावी लागते. बीपी दिवसातून एकदाच मोजायचं, पोराला एकच फोन. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, पाचेक मिनिटं. भीती वाटते म्हणून टाळलेली बस, लग्न, बाजार पायरीपायरीनं परत सुरू करायचं. टाळत गेलं की भीती वाढत जाते.

येतच नाही म्हणतात तेव्हा

"तुला काय कमी आहे?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. "तुमची झोप मोडतीय, त्यासाठी दाखवू या," याला बहुतेक माणसं तयार होतात, आणि ते खोटंही नाही. कोण बोलतंय यालाही महत्त्व असतं: मुलाचं न ऐकणारा बाप धाकट्या भावाचं किंवा मेहुण्याचं ऐकतो. चहातून गोळी घालून देऊ नका. कळलं की विश्वास गेला, तो परत येत नाही.

मरणाचं बोलत असतील तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंय का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला जागा मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका. फवारणीची औषधं, उंदराचं औषध, गोळ्यांचे साठे घरातून आणि वस्तीवरून हलवा, कुलपात टाका. १४४१६ लावा, धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा थेट जवळचं रुग्णालय. पोलीस केसच्या भीतीनं लोक उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, आणि उलट काही सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला चालत नाही. आधी जीव वाचवा. त्याच कायद्यानं उपचाराची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं लागतं, म्हणून घरातली पॉलिसी बाहेर काढून वाचा आणि बिलं जपा.

पुढची तारीख केसपेपरवर लिहिलेली असते ती आधी मोबाइलमध्ये टाका. आणि शेवटची गोळी खाऊन मग दुकानात येऊ नका. पाकिटात चार-पाच उरल्या की चिठ्ठी घेऊन या. एखादी कंपनी संपलेली असते, मागवायला एक-दोन दिवस लागतात, आणि मधे खाडा पडलेला चालत नाही.