तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र तक्त्यांपासून वाचा

रासायनिक पेटंटच्या अपिलात नव्याने काम करणारे तज्ज्ञाच्या पदव्या आणि शोधनिबंधांची यादी आधी वाचतात. मी ती शेवटी वाचतो. आधी परिशिष्टातले तक्ते काढतो आणि पाहतो, तुलना नेमकी कशाशी केली आहे?

या सवयीमागे ग्लॅक्सो विरुद्ध नोव्होफार्म हा अमेरिकेतला खटला आहे. वाद रॅनिटिडीन हायड्रोक्लोराइड या आम्लपित्तावरच्या औषधाच्या दुसऱ्या स्फटिकरूपावरच्या (रेणू तोच, स्फटिकातली मांडणी वेगळी) ग्लॅक्सोच्या पेटंटाचा. ग्लॅक्सोच्याच जुन्या पेटंटातल्या उदाहरण ३२ मधली कृती केली की हेच रूप मिळतं, मग यात नवीन काय, असं नोव्होफार्मचं म्हणणं. त्यांच्या तज्ज्ञांनी ती कृती १३ वेळा केली आणि प्रत्येक वेळी दुसरं रूपच मिळालं. ऐकताक्षणी प्रकरण संपल्यासारखं वाटतं. पण दुसरं रूप १९८० मध्ये पहिल्यांदा हाती आलं होतं, आणि त्याआधी हीच कृती करणाऱ्या रसायनतज्ज्ञाला पहिलं रूप मिळालं होतं. शिवाय प्रयोगशाळेत दुसऱ्या रूपाचे सूक्ष्म कण असतील तर ते बीज ठरून निकाल फिरवतात, हा ग्लॅक्सोचा युक्तिवाद होता. जुन्या कृतीमुळे नवं पेटंट रद्द ठरायचं तर कृतीतून ते रूप दर वेळी मिळायलाच हवं, ‘कधी कधी’ पुरत नाही. १९९५ मध्ये पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने ग्लॅक्सोच्या बाजूचा निकाल कायम ठेवला.

इथे अपिलाचा स्वभावही कळतो. वरचं न्यायालय तज्ज्ञांना पुन्हा बोलावत नाही, तथ्यांबाबत खालच्या न्यायालयाच्या निष्कर्षाला खटल्याच्या नोंदीत आधार आहे का एवढंच तपासतं. म्हणून तो आधार कोणत्या पानावर आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

भारतातल्या नोव्हार्टिस प्रकरणात (२०१३) इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाच्या बीटा स्फटिकरूपाची जैवउपलब्धता (औषध रक्तात पोहोचण्याचं प्रमाण) ३० टक्क्यांनी वाढल्याचं म्हणणं होतं. तुलना मात्र इमॅटिनिबच्या मुक्त बेसशी, म्हणजे क्षार न बनवलेल्या मूळ रूपाशी होती. इमॅटिनिब मेसिलेट हा क्षार आधीच ज्ञात असल्याने खरी तुलना त्याच्याशी हवी होती.

मग पेटंटातल्या दाव्याचा, म्हणजे कशाकशावर हक्क मागितला आहे त्याचा, आवाका बघा. एकाच संयुगाचे आकडे आणि दावा हजारोंवर, असं असेल तर मत कितीही ठाम असो, ते त्या एका संयुगापुरतंच धरा. फार नामांकित तज्ज्ञ असला तर मी जास्त सावध होतो, कारण शोध सहज सुचण्यासारखा होता का, याची कसोटी त्या क्षेत्रातल्या सामान्य कुशल व्यक्तीची असते. नामांकित तज्ज्ञाला जे सहज सुचतं ते तिला सुचेलच असं नाही. उलटतपासणीत ‘हा प्रयोग मी स्वतः केला नाही’ असं उत्तर सापडलं, तर पान आणि ओळ क्रमांकासह लगेच टिपून ठेवा.