‘ई’ जीवनसत्त्वासाठी तेल, बिया आणि दाणे यांची तुलना कशी करावी

‘यात भरपूर ई जीवनसत्त्व’ असं लिहिलेल्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तरी त्यातली कुठली चांगली हे कळत नाही, कारण दोघींनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असू शकतात. खाली तुलनेचा जो क्रम दिला आहे तो मी स्वतः वापरते. कागद, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा एवढं पुरतं.

१. आधी ‘कुठलं ई’ ते विचारा

ई जीवनसत्त्व म्हणजे एकच पदार्थ नाही, आठ भावंडांचं कुटुंब आहे: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे चार टोकोफेरॉल आणि त्याच नावांचे चार टोकोट्रायएनॉल. १९२२ साली हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना उंदरांवर प्रयोग करताना या घटकाचा पत्ता लागला. तो नसलेल्या आहारावर उंदरांच्या माद्यांचा गर्भ टिकत नव्हता. म्हणूनच ‘टोकोफेरॉल’ या नावात ग्रीक ‘टोकोस’, म्हणजे प्रसूती, आलं.

आतड्यातून ही आठही रूपं शोषली जातात. निवड होते ती यकृतात. तिथलं एक प्रथिन अल्फा टोकोफेरॉलला हाताला धरून परत रक्तात पाठवतं आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना शरीर लवकर बाहेर काढतं. त्यामुळे रोजच्या गरजेचा अमेरिकी आकडा, प्रौढांसाठी १५ मिलिग्रॅम, फक्त अल्फाचा आहे. स्तनपान देणाऱ्या आईसाठी तो १९ आहे. पोषणमूल्यांचा तक्ता वाचताना ‘अल्फा टोकोफेरॉल’चा रकाना शोधा. ‘एकूण टोकोफेरॉल’ असं लिहिलं असेल तर त्या आकड्याची या १५ शी तुलना होत नाही.

सोयाबीन आणि मक्याच्या तेलात हीच गफलत होते. दोन्हींत टोकोफेरॉल भरपूर, पण बराचसा वाटा गॅमाचा. सोयाबीन तेलाच्या १०० ग्रॅममध्ये अल्फा जेमतेम ८ मिलिग्रॅम, आणि गॅमा त्याच्या कितीतरी पट.

२. १०० ग्रॅमचा आकडा तुमच्या ताटावर आणा

१०० ग्रॅमच्या शर्यतीत गव्हाच्या अंकुराचं तेल सगळ्यांना मागे टाकतं: सुमारे १४९ मिलिग्रॅम. (हा अंकुर म्हणजे गव्हाच्या दाण्यातला बारीक गर्भ. गव्हांकुर म्हणून ज्याचा रस काढतात ते हिरवं गवत वेगळं. नावसाधर्म्यामुळे पुष्कळजण फसतात.) त्याच्या खालोखाल सूर्यफूल तेल ४१, करडई तेल ३४, सूर्यफुलाच्या कच्च्या बिया ३५, बदाम २५ ते २६, हेझलनट १५, ऑलिव्ह तेल १४, शेंगदाणे ८. उकडलेला पालक २, आणि खोबरेल तेलात जवळजवळ काहीच नाही.

पण १०० ग्रॅम तेल कोण पितं? म्हणून वजनकाटा. २८ ग्रॅम बदाम काट्यावर ठेवले तर साधारण २३ भरतात आणि त्यांतून ७ मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ अर्धा भाग. तेवढ्याच वजनाच्या भाजलेल्या सूर्यफूल बियांतूनही ७ च्या वर, शेंगदाण्यांतून मात्र २ च्या आसपास. सूर्यफूल तेलाचा एक मोठा चमचा ५.६ देतो, ऑलिव्हचा २ च्या किंचित खाली. अर्धा कप शिजवलेल्या पालकातूनही जवळपास तेवढंच मिळतं. तक्त्यात तळाशी पडलेला पालक ताटात आला की ऑलिव्हच्या चमच्याला गाठतो, ही मला या सगळ्या हिशेबातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते. फक्त त्याच्यासोबत जेवणात थोडं स्निग्ध असू द्या, कारण हे जीवनसत्त्व मेदात विरघळतं आणि मेदाशिवाय नीट शोषलं जात नाही.

३. आता भागाकार करा

ही पायरी बहुतेक यादीबहाद्दर गाळतात, आणि माझ्या मते खरा फरक इथेच दिसतो.

ई जीवनसत्त्वाचं शरीरातलं मुख्य काम पेशीच्या पातळ आवरणातली बहुअसंतृप्त मेदाम्लं ऑक्सिजनपासून वाचवणं हे आहे. म्हणजे अशी मेदाम्लं जितकी जास्त खाल तितकी राखणदारांची गरज वाढते. अंदाजाने एका ग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅम अल्फा लागतं असं धरतात. तेव्हा पदार्थातलं अल्फा त्याच्यातल्या बहुअसंतृप्त मेदाने भागा. लेबलवर हा मेद ‘पॉलीअनसॅच्युरेटेड’ म्हणून दिलेला असतो. उत्तर अर्ध्याहून जितकं जास्त, तितकं ई शरीरासाठी शिल्लक उरतं.

बदाम: २५.६ भागिले १२, म्हणजे साधारण २. ऑलिव्ह तेल: १४ भागिले १०.५, म्हणजे १.३. नेहमीचं सूर्यफूल तेल: ४१ भागिले ६५, ०.६ च्या आसपास. सोयाबीन तेल: ८ भागिले ५८, म्हणजे ०.१४. अक्रोडात बहुअसंतृप्त मेद ४७ ग्रॅम आणि अल्फा एक मिलिग्रॅमही नाही.

अर्थात यामुळे अक्रोड वाईट ठरत नाही. त्यात गॅमा आहे, ओमेगा-३ आहे. ते ई साठी खाऊ नये, एवढंच. सूर्यफूल तेल मात्र आणतं त्यातलं बरंचसं स्वतःच्याच राखणीला खर्च करतं. ‘हाय ओलेइक’ प्रकारच्या सूर्यफूल तेलात बहुअसंतृप्त मेद खूप कमी आणि अल्फा तेवढंच, त्यामुळे तिथे हिशेब एकदम पालटतो.

४. टोकोट्रायएनॉलच्या जाहिराती

ही रूपं पामतेल, भाताच्या कोंड्याचं तेल, बार्ली आणि ओट यांत सापडतात. खाद्यरंगासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲनाटोच्या बियांत तर टोकोफेरॉल जवळजवळ नसतंच, टोकोट्रायएनॉलच असतात. प्रयोगशाळेत त्यांचे गुण दिसले आहेत, पण रोजच्या गरजेच्या आकड्यात ती धरलेली नाहीत. केवळ त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

५. गोळीशी तुलना करायचीच असेल तर

कॅप्सूलवर पुष्कळदा ‘आययू’, म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक, लिहिलेलं असतं. त्याचे मिलिग्रॅम असे करा. ‘डी-अल्फा’ म्हणजे नैसर्गिक, तिथे आकड्याला ०.६७ ने गुणा; ‘डीएल-अल्फा’ म्हणजे कृत्रिम, तिथे ०.४५ ने. ४०० आययूची नैसर्गिक गोळी २६८ मिलिग्रॅम भरते. म्हणजे एका गोळीत दहा-बारा दिवसांचे बदाम नव्हेत, रोज मुठीने खाल्ले तरी पाच आठवड्यांहून जास्त पुरतील इतके.

जास्त म्हणजे चांगलं, हे इथे चालत नाही. अमेरिकेतल्या ‘सिलेक्ट’ या चाचणीत ३५,००० हून अधिक पुरुष होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात रोज ४०० आययू कृत्रिम ई घेणाऱ्यांत पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळलं. मोठ्या मात्रेमुळे रक्त गोठण्यातही अडथळा येतो, म्हणून वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी सुरू करू नये. उलट, मेद शोषला न जाण्याचा आजार असलेल्यांना ती खरोखर लागू शकते. तेही डॉक्टरच ठरवतील. बिया-दाण्यांतून मिळणाऱ्या मात्रेने असा त्रास झाल्याचं दिसलेलं नाही.

६. शेवटी वास घ्या

सगळे आकडे ताज्या मालाचे असतात. उजेड, उष्णता आणि हवा या तिघांनी ई जीवनसत्त्व झिजतं. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं तर फार झपाट्याने. म्हणून लहान बाटली घ्या, शक्यतो गडद काचेची, आणि ती शेगडीपासून दूर ठेवा. गव्हाच्या अंकुराचं तेल तापवूच नका, तयार पदार्थावर वरून घाला. बिया आणि दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी. खाण्याआधी त्यातला एक दाणा दाताखाली फोडून पाहा. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला किंवा जिभेवर कडवट चव रेंगाळली, तर तो डबा खवट झाला आहे. तक्त्यात काहीही लिहिलेलं असो, टाकून द्या.