स्वयंचलित गाड्यांच्या क्षेत्रात यायचंय? आधी चुका वाचायला शिका

स्वयंचलित गाड्यांवर काम करायचं ठरवलेली मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: डीप लर्निंगचा कुठला कोर्स करू? माझ्या उत्तराने त्यांचा थोडा हिरमोड होतो. कोर्स कुठलाही करा. मी परसेप्शनवर काम करते, म्हणजे गाडीला आजूबाजूचं जे दिसतं त्याचा अर्थ लावणाऱ्या भागावर. इथे नवं मॉडेल उभं करायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ आधीचं मॉडेल कुठे, का आणि कुठल्या क्षणी घसरलं हे लॉगमध्ये, म्हणजे गाडीने साठवलेल्या नोंदींमध्ये, शोधण्यात जातो. ज्याला हे शोधकाम आवडतं तो टिकतो. बाकीचे वर्षभरात चॅटबॉटच्या टीममध्ये बदली मागतात.

गाडी आपोआप चालवणं तसं जुनंच आहे. १९९५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नॅवलॅब गाडीने अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना सुमारे ९८ टक्के अंतर स्टिअरिंग स्वतः सांभाळलं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मात्र माणसाच्या पायाशीच होते. २००४ मध्ये दार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने घेतलेल्या चालकरहित गाड्यांच्या शर्यतीत मोहावी वाळवंटातल्या सव्वादोनशेहून अधिक किलोमीटरच्या मार्गावर सगळ्यात पुढे गेलेली गाडी जेमतेम १२ किलोमीटर चालली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी नवा मार्ग पूर्ण केला आणि स्टॅनफर्डची स्टॅनली सात तासांच्या आत पोचून जिंकली. एवढी झेप पाहून आता काम झालंच असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात ड्रायव्हरच नसलेली टॅक्सी सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुली झाली ती २०२० मध्ये, वेमो या कंपनीची, अमेरिकेतल्या फिनिक्सच्या परिसरात, आणि तीही आखून दिलेल्या हद्दीत. शेवटच्या दोन टक्क्यांनी इतकी वर्षं खाल्ली.

ते दोन टक्के कशाचे बनलेले असतात हे समजून घ्यायचं असेल तर एक तपास अहवाल वाचाच. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. बाहेर अनेकांना वाटलं होतं की अंधारात गाडीला दिसलं नसणार. अहवाल सांगतो की गाडीने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच टिपलं होतं. पण ती नेमकी काय आहे याचं उत्तर सारखं बदलत राहिलं: कधी वाहन, कधी इतर वस्तू, कधी सायकल. उत्तर बदललं की आधीच्या हालचालीची नोंद हिशोबातून बाद व्हायची, त्यामुळे ती रस्ता ओलांडते आहे हे गणितात येईना. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी चालत मध्ये येईल ही शक्यता रचनेत धरलेलीच नव्हती. गाडीत कारखान्यातूनच आलेली आपत्कालीन ब्रेकची सोय स्वयंचलित मोडमध्ये बंद ठेवलेली होती आणि देखरेखीसाठी बसवलेल्या व्यक्तीचं लक्ष फोनमध्ये होतं. म्हणजे ओळखणं, माग ठेवणं आणि पुढचा अंदाज बांधणं हे तिन्ही भाग चालू होते, घात त्यांच्या सांध्यात झाला. नोकरीत तुम्हाला रोज हेच सांधे तपासायचे आहेत.

म्हणून पहिला सराव हा करा. किट्टी (KITTI) किंवा न्यूसीन्स (nuScenes) यांपैकी एक डेटासेट, म्हणजे रस्त्यावरच्या सेन्सर-नोंदींचा तयार संग्रह, उतरवून घ्या. किट्टी २०१२ चा आहे, जुना पण समजायला सोपा. न्यूसीन्समध्ये बोस्टन आणि सिंगापूरच्या रस्त्यांवरचे २० सेकंदांचे एक हजार तुकडे आहेत. एखादा तयार डिटेक्टर, म्हणजे वस्तू ओळखणारं मॉडेल, त्यावर चालवा, स्वतःचं मॉडेल शिकवायच्या भानगडीत सध्या पडू नका. मग एकच सायकलस्वार निवडा आणि प्रत्येक फ्रेममध्ये मॉडेल त्याला काय म्हणतं, कितपत खात्रीने म्हणतं आणि कुठे उभा दाखवतं याचा आलेख काढा. तो मध्येच पादचारी होतो, झाडामागे दोन फ्रेम गायब होतो आणि नवा क्रमांक घेऊन परत येतो. अचूकतेचा सरासरी आकडा यातलं काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. अभ्यासक्रमात ही अर्ध्या तासात उरकतात आणि कामात महिनोन्‌महिने पुरते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. कॅमेरा आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) यांच्या घड्याळांत एक दशांश सेकंदाचा फरक पडला की तीच वस्तू पावणेतीन मीटर सरकलेली दिसते. फिरता लायडार साधारणपणे सेकंदाला दहा फेऱ्या मारतो, म्हणजे एकाच फेरीतला पहिला आणि शेवटचा बिंदूही एका क्षणाचे नसतात. त्या दरम्यान आपली गाडी किती सरकली हे वजा करावं लागतं, नाहीतर सरळ भिंत तिरकी होते. सेन्सर बसवताना एक अंश चुकला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची तफावत पडते, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये. मॉडेल बिघडलं म्हणून आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत कॅलिब्रेशन (सेन्सरची जुळणी) आणि टाइमस्टँप (नोंदीवरची वेळ) यांचाच भरणा असतो. कालमन फिल्टर (चुका असलेल्या मोजमापांतून वस्तूची जागा आणि वेग यांचा अंदाज बांधायची रीत) आणि निर्देशक-पद्धतींचं रूपांतर (एका सेन्सरच्या हिशोबातली जागा दुसऱ्याच्या हिशोबात मांडणं) हे दोन विषय कागदावर हाताने सोडवा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

लायडार हवा की नुसते कॅमेरे पुरेत, हा वाद तुमच्या कानावर येईलच. रडार वस्तूचा वेग थेट सांगतं पण थांबलेली गाडी आणि वरून जाणारा पूल यांत गोंधळतं. कॅमेऱ्याला रंग आणि पाट्या कळतात, अंतराचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. उमेदवारीच्या काळात या भांडणात बाजू घेण्यात काही अर्थ नाही.

या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम माझ्या मते ज्या खोलीत चालतं तिथे नवीन माणसं फारशी अर्जच करत नाहीत. गाडी पुरेशी सुरक्षित आहे हे सिद्ध कसं करायचं? रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हिशोब मांडला होता. अमेरिकेतल्या माणसांच्या अपघाती मृत्यूच्या दराइतकी तरी गाडी सुरक्षित आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर तिला एकही मृत्यू न होता सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालावं लागेल. १०० गाड्या अहोरात्र सरासरी ताशी ४० किलोमीटरने पळवल्या तरी साडेबारा वर्षं. तोवर सॉफ्टवेअर किती वेळा बदललेलं असेल! म्हणून सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी रस्ता, आणि निवडक कठीण प्रसंगांच्या चाचण्या आल्या. यंत्र बिघडलेलं नसतानाही प्रसंग न समजल्यामुळे उद्भवणाऱ्या धोक्यांसाठी आयएसओ २१४४८ हे मानकही आलं. कार्ला हा सिम्युलेटर मोफत आहे, त्यात एखादा प्रसंग रचून पाऊस, उजेड, पादचाऱ्याचा वेग बदलत राहा.

प्रसंग रचताना धडकेनंतरचाही विचार करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच एका गाडीने उडवलेली महिला जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीच्या चालकरहित टॅक्सीसमोर पडली. टॅक्सी तिला धडकून थांबली, आणि मग रस्त्याच्या कडेला घ्यायच्या नियमानुसार पुन्हा निघाली. ती महिला गाडीखाली फरफटत गेली. कडेला घेणं ही एरवी सुरक्षित मानलेली हालचाल! कंपनीचे परवाने स्थगित झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने या टॅक्सीसाठी पैसा देणं थांबवलं.

पुढे काय? मला तरी चित्र असं दिसतं: स्वयंचलनाच्या शून्य ते पाच पातळ्या मानतात, त्यातली ठरावीक हद्दीत चालकाशिवाय चालणारी चौथ्या पातळीची सेवा एकेक शहर करत वाढेल. कुठेही, कधीही, कशाही हवेत चालणारी पाचवी पातळी मी माझ्या करिअरच्या नियोजनात धरलेली नाही. तिसऱ्या पातळीबद्दल मी साशंक आहे, कारण तिथे निवांत बसलेल्या माणसाला यंत्र अचानक म्हणतं, घ्या आता तुम्ही. कॅमेऱ्यापासून थेट स्टिअरिंगपर्यंत एकच मोठं मॉडेल वापरण्याकडे आता कल आहे. ते गाडी छान चालवतं, पण वर सांगितलेले सांधे त्यात उघडे दिसत नाहीत, त्यामुळे चूक शोधणाऱ्याचं काम वाढणार आहे.

नोकरीसाठी प्रकल्प दाखवायचा असेल तर गाडी झकास चालल्याचा व्हिडिओ पाठवू नका, तसे ढिगाने येतात. मॉडेल फसलं असा एकच प्रसंग घ्या. कुठल्या फ्रेमला फसलं, कारण सेन्सरमध्ये होतं की वेळेत की वर्गीकरणात, हे कशावरून ठरवलं आणि दुरुस्तीनंतर दुसरं काय बिघडलं, एवढं दोन पानांत लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्या शेवटच्या मुद्द्यावरच येईल.