स्ट्रॉनला जाताय? बेट, नाटक आणि रस्ता यांबाबतच्या या चुका टाळा

टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅक्वारी हार्बर नावाची, सिडनी हार्बरच्या साधारण सहापट मोठी खाडी आहे आणि तिच्या काठी स्ट्रॉन हे जेमतेम काहीशे वस्तीचे गाव आहे. या खाडीतल्या सारा बेटावर ब्रिटिशांनी १८२२ साली शिक्षेची वसाहत वसवली. व्हॅन डिमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, आल्यावर पुन्हा गुन्हा करणाऱ्या बंदिवानांना प्रामुख्याने येथे धाडले जाई. १८३३ साली ही वसाहत मोडली. तिच्या अगदी शेवटच्या दिवसांत घडलेल्या एका विलक्षण घटनेवर रिचर्ड डेव्ही यांनी लिहिलेले ‘द शिप दॅट नेव्हर वॉज’ हे नाटक गावातल्या छोट्याशा रंगमंचावर १९९४ पासून होत आले आहे आणि ऑस्ट्रेलियात सर्वाधिक काळ चाललेले नाटक अशी त्याची ओळख आहे. सकाळी बेट आणि संध्याकाळी नाटक असा सलग एक दिवस मिळाला, तरच एवढ्या लांब जाण्याचे सार्थक होते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका नेमका हाच दिवस हातचा घालवतात.

अंतर किलोमीटरवरून ठरवणे

टास्मानियाची राजधानी होबार्ट येथून स्ट्रॉन सुमारे ३०० किलोमीटर आहे. मेलबर्न-सिडनीकडच्या महामार्गांची सवय झालेली आपली मंडळी हा आकडा पाहून ‘सकाळी निघू, रात्री परत येऊ’ असा बेत आखतात आणि तो पहिल्याच दिवशी फसतो. लायल महामार्ग नावाने महामार्ग असला, तरी डरवेंट ब्रिज ही वाटेतली छोटी वस्ती सोडल्यावर तो दाट जंगलातून वळणे घेत जातो. क्वीन्सटाउनच्या आधीचा उतार तर ‘नव्व्याण्णव वळणे’ याच नावाने ओळखला जातो, आणि तेथून स्ट्रॉनपर्यंतचे शेवटचे ४० किलोमीटरही काही सरळ नाहीत. कोठेही न थांबता साडेचार ते पाच तास लागतात. वाटेत नेल्सन धबधब्यासारखी ठिकाणे पाहिली, तर सहा तास सहज जातात. खाडीत आणि गॉर्डन नदीत फिरवणाऱ्या, तसेच सारा बेटावर थांबणाऱ्या बोटी मात्र सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास सुटतात. त्यामुळे होबार्टहून त्याच सकाळी निघून बोट गाठणे शक्यच नाही. आदल्या दिवशी पोहोचून दोन रात्रींचा मुक्काम करावा. एका रात्रीत भागवायचेच असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीवरून उतरून थेट गाडीत बसावे लागते आणि नाटक हुकते.

पोहोचण्याची वेळही दिवसाउजेडीच ठेवावी. अंधार पडू लागला की वॉलबी, वॉम्बॅट, पॉसम आणि कधीकधी टास्मानियन डेव्हिलही रस्त्यावर येतात. त्यामुळे होणारे अपघात टास्मानियात नित्याचे आहेत. भाड्याच्या गाडीच्या विमा करारात सूर्यास्तानंतर प्राण्याच्या धडकेने झालेल्या नुकसानीचे काय, हे गाडी ताब्यात घेतानाच वाचावे, कारण अनेक करारांत ते नुकसान वगळलेले असते. डरवेंट ब्रिजनंतर क्वीन्सटाउनपर्यंत पेट्रोलपंप नाही, म्हणून टाकी डरवेंट ब्रिजलाच भरावी. मधल्या टप्प्यात मोबाइलची रेंज बराच वेळ नसते. नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि मुक्कामाच्या जागेला उशिरा येण्याची कल्पना होबार्टहून निघतानाच द्यावी. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी वळणे सुरू होण्याच्या पुरेशी आधी घ्यावी. पोटात ढवळू लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

बेटावर तुरुंग शोधणे

बंदिवानांचे बेट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर अंदमान येते, सेल्युलर जेलचे लांबच लांब मजले आणि कोठड्या येतात. शिवाय बहुतेक जण आधी पोर्ट आर्थर ही टास्मानियातलीच दुसरी बंदिवान वसाहत पाहून आलेले असतात आणि तेथील भव्य भिंती मनात ताज्या असतात. सारा बेटावर यातले काहीच नाही. झाडीत लपलेले विटांचे पडके अवशेष, एखादी उभी राहिलेली भिंत, पाण्याच्या काठावर जहाजबांधणीच्या जागेच्या खुणा, एवढेच डोळ्यांना दिसते. म्हणूनच वाटाड्याला मागे टाकून फोटो काढत पुढे निघून जाणे ही येथली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पाऊण-एक तासाच्या फेरीत सांगितले जाते ते ऐकले नाही, तर बेट हे नुसतेच एक झाडीने भरलेले बेट राहते.

दुसरी चूक म्हणजे केवळ अलेक्झांडर पिअर्ससाठी जाणे. हा बंदिवान सप्टेंबर १८२२ मध्ये सात जणांसह पळाला, जंगलात उपासमार झाल्यावर सोबत्यांना मारून खाल्ले गेले, आणि पुढे १८२४ साली होबार्टला त्याला फाशी देण्यात आली. गोष्ट खरी आहे आणि सांगणारे ती रंगवून सांगतातही, पण तेवढ्यावरच थांबले तर वसाहतीची दहा-अकरा वर्षे हातातून निसटतात. ही जागा निवडण्यामागे दोन कारणे होती. पळून जायला वाट नव्हती आणि किनाऱ्यावर ह्युऑन पाइनची झाडे होती. हे झाड अतिशय सावकाश वाढते, त्याच्या लाकडात मुरलेल्या तेलामुळे ते सहसा कुजत नाही, त्यामुळे जहाजांसाठी त्याला तोड नव्हती. (आज जिवंत झाड तोडायला बंदी आहे, गावातल्या लाकडाच्या गिरणीत दिसते ते पूर्वी पडलेले किंवा पाण्यातून काढलेले लाकूड.) सुरुवातीच्या काळात बंदिवानांना गार पाण्यात उभे राहून ओंडके ओढावे लागत आणि फटक्यांची शिक्षा सर्रास होई. डेव्हिड होय हा जहाजबांधणीतला जाणकार आल्यावर मात्र बेटावरच्या गोदीत एकामागून एक जहाजे तयार होऊ लागली, बंदिवानांच्या हातात कसब आले आणि नंतरच्या वर्षांत फटक्यांचे प्रमाणही घटले. शिक्षेच्या जागी कारखाना उभा राहत गेला, तसे तिथले माणसांचे व्यवहारही बदलले. माझ्या मते सारा बेटावर ऐकण्यासारखे खरे काही असेल तर ते हे आहे, आणि संध्याकाळचे नाटकही याच धाग्यावर उभे आहे.

बेटाजवळच ग्रमेट नावाचा एक लहानसा खडक दिसतो. कठोर शिक्षा झालेल्यांना रात्री तेथे डांबून ठेवत. बोट जवळून जाते तेव्हा ज्या बाजूला तो खडक असेल त्या बाजूला उभे राहावे. त्याचा आकार पाहिल्यावर तेथे माणसे झोपत कशी असतील, हा प्रश्न आपोआप पडतो. याच खाडीत १८३३ साली जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन याने पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांना पकडून आणून ठेवले होते आणि त्यांतले अनेक जण येथेच दगावले. मुलांना बंदिवानांच्या साहसकथा सांगताना हा भाग गाळू नये.

पाण्याचा गडद तपकिरी रंग पाहून काही जण ‘केवढे घाण पाणी’ म्हणतात. तो रंग कोऱ्या चहासारखा आहे आणि कारणही जवळपास तेच, म्हणजे डोंगरावरच्या गवतांतून व झाडपाल्यातून उतरलेले टॅनिन.

तिसऱ्या घंटेची वाट पाहणे

आपल्याकडच्या नाट्यगृहाची सवय घेऊन येथे गेलो तर गोंधळ होतो. पडदा नाही, मध्यंतरातला बटाटावडा नाही, आणि अंधारात निवांत बसून पाहण्याची सोयही नाही. दोनच नट सगळा डाव मांडतात; उरलेली पात्रे प्रेक्षकांतून उचलली जातात, आणि पाहता पाहता रंगमंचावर जहाज उभे राहते. आपल्याला बोलावले तर ‘नको, नको’ करत मागे सरकू नये. आजी-आजोबांना आणि मुलांना घेतले तर प्रयोगाला अधिकच रंगत येते. ज्यांना अजिबात पुढे जायचे नसेल त्यांनी मागची रांग धरावी.

खरी अडचण भाषेची असते. विनोद झपाट्याने येतात आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना ते उच्चार पटकन कळत नाहीत. त्यावर सोपा उपाय म्हणजे जेवताना किंवा बोटीवरून परतताना त्यांना कथा आधीच सांगून ठेवणे. ती थोडक्यात अशी आहे: १८३३ च्या अखेरीस बेट रिकामे करून बंदिवान पोर्ट आर्थरला हलवण्यात आले, मात्र गोदीत ‘फ्रेडरिक’ हे दोन डोलकाठ्यांचे जहाज अपुरे राहिले होते, म्हणून जहाजबांधणीतला जाणकार डेव्हिड होय, काही सैनिक आणि मोजके बंदिवान मागे ठेवले गेले. जहाज पूर्ण झाले आणि जानेवारी १८३४ मध्ये त्यांतल्या दहा बंदिवानांनी ते पळवले. डेव्हिड होय आणि इतरांना त्यांनी शिध्यासह किनाऱ्यावर सोडले आणि अथांग पॅसिफिक ओलांडून चिलीचा किनारा गाठला. पुढे चौघे पकडले जाऊन होबार्टला आले, १८३७ साली त्यांच्यावर खटला चालला, आणि त्यात बचावासाठी जो युक्तिवाद झाला त्यावरूनच नाटकाला नाव पडले आहे. तो युक्तिवाद येथे सांगत नाही. घरच्यांनाही सांगू नये.

प्रयोग संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असतो, त्यामुळे दुपारी परतणाऱ्या बोटीशी त्याची वेळ छान जुळते. क्रम मात्र उलटा करू नये. आधी नाटक आणि मग बेट असे केले तर नाटकातली ठिकाणे नुसती नावे राहतात. त्याच दिवशी क्वीन्सटाउनची वाफेची रेल्वेही उरकण्याचा मोह होतो, तोही टाळावा. दात्यांच्या रुळांवरून चढ चढणारी ही गाडी मूळची माउंट लायलच्या तांबे खाणीची. १९६३ साली ती बंद पडली आणि पुढे पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली. तिला स्वतंत्र दिवस द्यावा.

हंगाम आणि पाऊस यांचा हिशेब न करणे

भारतातली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिकडे हिवाळ्याचे तोंड. नाटकाचा हंगाम साधारण सप्टेंबर ते मे असा असतो, म्हणून मे अखेरीस किंवा जूनमध्ये जाणाऱ्यांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या प्रयोगांच्या तारखा पाहाव्यात. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी अधिक सोयीची आहे, पण नाताळात गावातल्या मोजक्या खोल्या फार आधी भरतात. पाऊस मात्र कोणत्याही महिन्यात येतो. दक्षिण महासागरावरून अडथळ्याविना येणारे पश्चिमी वारे येथे थेट आदळतात. छत्री उलटी होते, म्हणून टोपीचे वारारोधक जाकीट न्यावे आणि संध्याकाळच्या प्रयोगासाठी एक उबदार थर जास्तच ठेवावा.

वारा फार असेल तर बोट खाडीच्या अरुंद तोंडाबाहेर, म्हणजे ‘हेल्स गेट्स’च्या पलीकडे, जात नाही. त्यावरून बोटीवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्या तोंडाशी वाळूचे उथळ पट्टे आहेत आणि तिथे जहाजे फुटलेली आहेत. फेरीच रद्द झाली तर ती दुसऱ्या दिवशी घेता यावी, यासाठीही दोन रात्री हव्यात. मोकळा मिळालेला दिवस हॉगार्थ धबधब्याच्या सोप्या पायवाटेवर, लाकडाच्या गिरणीत किंवा झीहानच्या रस्त्यावरच्या हेंटी वाळूच्या टेकड्यांवर चांगला जातो. ओशन बीचवर चालावे, पण पाण्यात उतरू नये. तेथील ओढ जीवघेणी आहे.

डबा आणि फळे

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून टास्मानियात येतानाही ताजी फळे, भाज्या, बिया आणि रोपे आणण्यावर कडक निर्बंध आहेत. विमानतळावर श्वानपथक असते. कढीपत्त्याची जुडी आणि प्रवासातली उरलेली केळी उतरण्यापूर्वी संपवावीत किंवा तेथील पेटीत टाकावीत. गावात शाकाहारी पदार्थांचे पर्याय कमी आहेत आणि उपाहारगृहांची स्वयंपाकघरे लवकर बंद होतात. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेऊन सामान क्वीन्सटाउनमध्येच भरावे. बाहेर जेवायचे असेल तर टेबल प्रयोग संपण्याच्या वेळेचे राखून ठेवावे आणि आपण नाटकाहून येत आहोत हे त्यांना आधीच सांगावे.